उपरोधाचा धूर कोणाच्या घरात?

यंत्रांचा खडखडाट, लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज, भोंगे, किंकाळ्या आणि हुकूम सोडावा तसा मानवी स्वर, यांतून घडवलेल्या संगीताला पाश्चात्त्य देशांत ‘इंडस्ट्रियल म्युझिक’, म्हणजे औद्योगिक संगीत म्हणतात. त्याचा आपल्या साप्ताहिकाशी काय संबंध, असे काही साथी विचारतील. संबंध असा की, लष्करी गणवेश, छळछावण्या, खुनी, स्त्रियांवरील अत्याचार असले विषय हाताळणाऱ्या या कलावंतांपैकी अनेकजण टीका झाली की एकच उत्तर देतात : ‘हा उपरोध आहे, तो तुम्हांला कळला नाही.’ या उत्तरावरून चाहत्यांत आणि खुद्द कलावंतांत गेली चाळीसहून अधिक वर्षे वाद चालू आहे. द्वेषाचे बोलून मोकळे व्हायचे आणि जाब विचारला की ‘गंमत केली’ म्हणायचे, ही रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. म्हणून हा वाद आपणही समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम या संगीताच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पौंड घसरला आणि ब्रिटिश सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले, त्याच १९७६ साली लंडनमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या गटाने ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ नावाची कंपनी काढली. या कंपनीने आपले बोधचिन्ह म्हणून आउश्वित्झच्या छळछावणीचे छायाचित्र घेतले. हा निव्वळ चावटपणा होता असे मी म्हणणार नाही. आउश्वित्झ ही रानटी टोळीची करणी नव्हती. तेथे रेल्वेची वेळापत्रके होती, कैद्यांच्या याद्या होत्या, आणि प्रेते जाळण्याच्या भट्ट्या बांधणाऱ्या एर्फुर्टच्या कंपनीने त्यांची रीतसर बिलेही पाठवली होती. कारखानदारी संस्कृतीच्या पोटातच ही शक्यता दडलेली आहे, हे एखाद्या कलावंताने अंगावर येईल अशा रीतीने सांगितले तर समाजवाद्याने नाक मुरडण्याचे कारण नाही. भीषण विषयाला हात घालणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न हात घालून पुढे काय केले, हा आहे.

उपरोध म्हणजे काय? आपल्या अलंकारशास्त्रात व्याजस्तुती आहे : वरून स्तुती, आतून निंदा. पण व्याजस्तुतीलाही एक लक्ष्य लागते. ज्याची निंदा करायची तो कोणीतरी समोर असावा लागतो, आणि तो बहुधा बोलणाऱ्यापेक्षा बलवान असतो. लक्ष्यच नसेल तर व्याज गळून पडते आणि उरते ती केवळ स्तुती.

या कसोटीवर ‘लायबाख’ या गटाचे उदाहरण पाहू. १९८० साली युगोस्लाव्हियातील त्रबोव्लये या कोळसा खाणींच्या गावात हा गट स्थापन झाला. गटाचे नाव म्हणजे ल्युब्लियाना शहराचे जर्मन नाव. नाझी अंमलाची आठवण ताजी असलेल्या देशात ते जखमेवर मीठ चोळणारेच होते. १९८३ साली ही मंडळी गणवेशात दूरचित्रवाणीवर आली, आणि त्यानंतर १९८७ पर्यंत ल्युब्लियानात त्यांना आपले नावही वापरता येईना. याच १९८७ साली त्यांच्या सहकारी चित्रकारांनी टिटोच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या युवक दिनासाठी एक भित्तिपत्रक दिले. सरकारी समितीने ते पसंत केले. मागाहून उघडकीस आले की, ते रिचर्ड क्लाइन या नाझी चित्रकाराच्या चित्रावरून बेतलेले होते. स्वस्तिकाच्या ध्वजाजागी युगोस्लाव्ह ध्वज आणि गरुडाजागी कबुतर, एवढाच काय तो बदल! समाजवादाचे नाव घेणाऱ्या नोकरशाहीला स्वतःच्या आदर्श युवकात आणि नाझी युवकात फरक करता आला नाही, हे यातून जेवढे स्पष्ट झाले तेवढे दहा परिसंवादांतून झाले नसते. तो आरसा आपल्यालाही बोचतो, आणि बोचलाच पाहिजे. येथे लक्ष्य होते, ते सत्तेवर होते, आणि बंदीची झळ कलावंतांनी स्वतः सोसली.

आता दुसरे उदाहरण घ्या. ‘क्रायसिस’ हा १९७७ चा ब्रिटिश गट डावा होता. वंशवादविरोधी सभांतून तो गात असे. त्यातीलच मंडळींनी १९८१ साली ‘डेथ इन जून’ हा गट काढला, आणि नाझी एस. एस. दलाच्या कवटीसारखी कवटी आपले चिन्ह म्हणून मिरवली. अर्थ विचारला तर मौन किंवा संदिग्ध उत्तर. त्याच्या संस्थापकांपैकी एकजण मधल्या काळात ‘नॅशनल फ्रंट’ या वंशवादी पक्षात जाऊन आला; ती घोर चूक होती अशी कबुली त्याने पुढे दिली. कबुली स्वागतार्ह आहे. पण जे मुखवटा म्हणून चढवले जाते ते कधी चेहऱ्याला चिकटते याचा नेम नसतो, एवढे तरी यातून शिकावे की नाही?

यावर चाहत्यांचा युक्तिवाद असा की, श्रोते सुजाण असतात, त्यांना सारे कळते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. माझ्या शास्त्राच्या भाषेत उत्तर देतो. कारखान्याचा नफा मालकाच्या खात्यात जातो, पण धुरांड्यातला धूर शेजारच्या वस्तीत. मालक प्रामाणिकपणे म्हणू शकतो की, धूर सोडण्याचा माझा हेतू नव्हता. वस्तीतला खोकला हेतू विचारत नाही. सभागृहातील सुजाण श्रोत्याला उपरोधाची मौज मिळते, कलावंताला तिकिटाचे पैसे मिळतात. आणि ज्यांच्या आईबापांना त्या गणवेशाने मारले, ज्या स्त्रीला त्या गाण्यातला मार घरी खावा लागतो, तिच्या वाट्याला धूर येतो. या व्यवहाराची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न विचारला की ‘तुम्हांला विनोदच कळत नाही’ हे उत्तर किती तोकडे आहे ते दिसते.

हा प्रश्न बाहेरच्यांनीच विचारला असेही नाही. २०१२ साली माँट्रियल येथील महोत्सवात एका कलावंताने आपल्याच कार्यक्रमात पडद्यावर मजकूर दाखवून, त्याच रंगमंचावर पुढे येणाऱ्या गटांच्या वंशवादी आणि स्त्रीद्वेष्ट्या प्रतिमांचा निषेध केला आणि याहून चांगले काही द्या अशी मागणी केली. बंदी घाला, असे तो म्हणाला नाही. आपणही म्हणू नये. आणीबाणीतील सेन्सॉरची कात्री पाहिलेल्या चळवळीने तर मुळीच म्हणू नये. बंदी सुमार कलावंताला हुतात्मा करते. जाब मात्र विचारलाच पाहिजे, आणि तो त्याच व्यवसायातल्या माणसाने सर्वांसमक्ष विचारला तर त्याचे मोल अधिक.

‘अंधार नको तर काय, भजने गायची?’ असा उपहास होतो. त्याला उत्तर ‘टेस्ट डिपार्टमेंट’ या लंडनच्या गटाने केव्हाच दिले आहे. १९८१ साली स्थापन झालेला हा गट भंगारात पडलेले लोखंड बडवून तितकेच कर्कश, तितकेच काळेकुट्ट संगीत करी. पण मार्च १९८४ ते मार्च १९८५ या काळात ब्रिटनचे खाणकामगार संपावर होते, तेव्हा या गटाने साउथ वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाला बरोबर घेऊन कार्यक्रम केले, ध्वनिमुद्रिका काढली. संप हरला; पण ते लोखंड कोणाच्या बाजूने वाजत होते, याविषयी कोणाला संशय उरला नाही. अंधार दाखवायला उपरोधाचा आडपडदा लागत नाही, बाजू घ्यावी लागते.

आणि हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव दिले गेले. गिऱ्हाइकाचे लक्ष वेधावे, एवढाच हेतू सांगितला गेला. निषेधानंतर नाव बदलले. तेथे उपरोधसुद्धा नव्हता. चिन्हातून इतिहास गाळला की शेवटी उरते ती दुकानाची पाटी, आणि त्या पाटीखाली उद्या कोण येऊन उभा राहील ते सांगता येत नाही.

म्हणून साथींनो, तुमच्या शाखेतला एखादा तरुण कानाला यंत्र लावून हे संगीत ऐकत असेल तर त्याला हटकू नका. शेजारी बसा, ऐका. मग एवढेच विचारा : यातला फटका कोणावर पडतो आहे? सत्तेवर पडत असेल तर त्याच्याबरोबर ताल धरा. आधीच मार खाल्लेल्यांवर पडत असेल, तर उपरोधाची सबब ऐकून घेऊ नका.