खांद्याला लेक का चालत नाही?

आज सोयाबीनच्या फवारणीचं काही लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारचे म्हातारबाबा वारले. पोरं बाहेरगावी, तीन वर्षं सारं लेकीनं केलं. तिरडी उचलताना ती पुढं झाली, तर चारजण ओरडले. मीही म्हणालो, "बाई, तू मागं हो." मग खांदेकरी पुरेनात. तरणी पोरं पुण्याला. आम्ही पन्नाशी-साठीतले चौघं धापा टाकत कसेबसे विसाव्यापर्यंत पोचलो, अन् तिथं खांदा बदलायला माणूस नाही. धडधाकट लेक मात्र वेशीत उभी!

म्हणे बाईला ओझं पेलत नाही. हिशेब करा. माणूस 60 किलोचा, बांबू-कामट्या धरून 75. चौघांत वाटले तर माणशी 19 किलो. युरियाची गोणी 45 किलोची असते. ती बांधावर बाई उचलते, तेव्हा कोणी मागं हो म्हणत नाही.

म्हणे बाई हळवी असते. आपल्या भागात कर्जापायी नवरा गेला की त्याच वावरात पुढची पेरणी कोण करतं? हळवीच ना?

म्हणे रीत नाही. 1890 मध्ये जोतीराव फुले गेले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. 4 जून 2014 ला परळीत गोपीनाथ मुंडेंना लेकीनंच अग्नी दिला, साऱ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. रीत माणसंच पाडतात, माणसंच मोडतात.

खरी गोम वेगळी आहे. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा बरोबरीचा हिस्सा आहे. तेरवी झाली की हक्कसोडावर सही करायला तीच बहीण चालते. खांदा दिला तर ती हिस्साही मागंल, ही भीती आहे. शास्त्र-बिस्त्र नुसतं पांघरूण.

12 जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंपुढं माथा टेकवायचा अन् घरी लेकीला तिरडीजवळून हाकलायचं, हे आता बंद करा. सुरुवात माझ्यापासून. त्या लेकीची मी घरी जाऊन माफी मागितली. अन् इथं सर्वांदेखत लिहून ठेवतो: माझ्या तिरडीचे पुढचे दोन खांदे माझ्या दोन लेकींचे. ज्याला चालत नसंल त्यानं मातीला येऊ नये.

जय जिजाऊ.