रांजणांतील पाणी आणि ताप

पाऊस थोडा तेथें डांस थोडे, हा समज आमच्या अहमदपुराकडे लटका ठरतो. १९७३ सालीं बार्शीस व २००६ सालीं मराठवाड्यांत चिकुनगुन्याची सांधे धरणारी सांथ आली. टंचाईमुळें घरोघर पाणी सांठवावें लागतें. आणि दिवसा चावणारा एडीस डांस अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यांत वाढतो. डेंग्यूही तोच पसरवितो. त्याचीं अंडीं रांजणाच्या कडेस चिकटून, पाणी आटलें तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून रांजण नुसता उपडा करणें पुरेसें नाहीं. आठवड्यांतून एकदां तो आंतून घांसून, वाळवून, मग भरून झांकावा. उरलेलें पाणी झाडांस घालावें. हें काम एकट्या सुनेवर न टाकतां सर्वांनीं वार ठरवून वांटून घ्यावें. रांजण साऱ्या घराचा, तसा तापही साऱ्या घराचा.