भरायचं कोणी, बघायचं कोणी?

गेल्या वर्षी ऑफिसात मी एक टूल बनवलं होतं आणि मला त्याचा भलताच अभिमान होता! आमच्या सपोर्ट टीमची रात्रपाळी सकाळी सहाला संपते. रात्री काय बिघडलं, काय दुरुस्त झालं, काय अर्धवट राहिलं, हे दिवसपाळीला कळावं म्हणून एक फॉर्म. १४ रकाने, ड्रॉपडाऊन, शिवाय मॅनेजरसाठी रंगीत ग्राफ. डेमोला टाळ्याही पडल्या.

तीन आठवड्यांत प्रत्येक रकान्यात एकच शब्द दिसायला लागला: 'ओके'. खरी माहिती पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर! मी वैतागलो. "या लोकांना शिस्तच नाही" वगैरे बडबड करून झाली. शेवटी रात्रपाळीतल्या एका मित्राला चहाच्या टपरीवर गाठलं. तो म्हणाला, "अरे, रात्रभर जागून डोळे मिटत असतात. तेव्हा रकाने भरायचे मी, सोय दिवसवाल्यांची आणि ग्राफ साहेबांना. मला काय मिळतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर वाचताना कळलं की हे दुखणं जुनंच आहे. जोनाथन ग्रुडिन या संशोधकाने १९८८ साली एक निबंध लिहिला होता. लोकांनी मिळून काम करावं म्हणून बनवलेली सॉफ्टवेअर्स का फसतात, हा त्याचा विषय. त्यातलं एक उदाहरण मीटिंगची वेळ आपोआप ठरवणाऱ्या कॅलेंडरचं. सोय होते मीटिंग बोलावणाऱ्याची, पण त्यासाठी बाकी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर नीट भरून ठेवायचं. कोण कशाला भरेल? मेहनत एकाची, फायदा दुसऱ्याला. आयत्या बिळावर नागोबा!

गंमत म्हणजे १९९५ साली ग्रुडिन आणि लेशिया पेलन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत पाहिलं, तर तसलीच कॅलेंडरं सर्रास वापरात होती. मधल्या काळात माणसं शिस्तीची झाली म्हणून? छे! सॉफ्टवेअर सोपं झालं होतं, भरणाऱ्याच्याही उपयोगी पडत होतं. आणि आजूबाजूचे सगळे वापरायला लागले की न वापरणाराच अडचणीत येत होता.

आता कोणी म्हणेल, पगार मिळतो ना, मग भरायला काय जातं? मान्य. पण सक्तीने रकाना भरतो, त्यात खरी माहिती येतेच असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी भरलेली आपली टाइमशीट आठवा. रोज बरोब्बर आठ तास! आपण इंजिनिअर लोक स्क्रीन कशी दिसेल यावर तासन्‌तास वाद घालतो, पण 'भरणाऱ्याला काय मिळणार?' हा प्रश्न डिझाइनच्या मीटिंगमध्ये येतच नाही. माझ्या मते तो पहिला यायला हवा.

असो. मी फॉर्म मोडून पुन्हा बनवला. बंद केलेल्या तक्रारी आता सिस्टीम स्वतःच उचलते. माणसाने फक्त अर्धवट राहिलेलं काम दोन ओळींत लिहायचं. त्या दोन ओळी असल्या की दिवसवाले दुपारी फोन करून त्याची झोपमोड करत नाहीत. मित्र आता न सांगता लिहितो.

ग्राफ मात्र गेला. साहेब अजून अधूनमधून विचारतात!