भोंगा थांबल्यावरची सबुरी

शिर्डीच्या साईबाबांमुळे 'सबुरी' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. त्याचे मूळ अरबी 'सब्र'. रमजानला सब्रचा महिनाच म्हटले जाते. पण हा शब्द वापरून वापरून पातळ झाला आहे. कुणाची नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले की भेटायला येणारे 'सबर करा' म्हणतात, चहा पितात आणि निघून जातात. ऐकणाऱ्याला त्याचा एकच अर्थ कळतो, गप्प बसा.

काळाचौकीच्या चाळींना ही सबुरी पुस्तकातून शिकावी लागली नाही. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार बंद झाला हे तर सर्वांना दिसले. दिवसाचा आकारही गेला, हे फार थोड्यांनी बोलून दाखवले. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. चूल कधी पेटवायची, कोण केव्हा झोपणार, सगळे भोंग्यावर ठरत असे. भोंगा थांबला आणि धडधाकट माणूस दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीकडे बघत बसला. खचणे सुरू होते ते इथून.

त्या वर्षी जूनच्या अखेरीस रमजान आला, तेव्हा संपाला पाच महिने उलटले होते. साचेखात्यात उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम विणकरही होते. रिकाम्या डब्याच्या घरात रोजा म्हणजे काय, हे पोट भरलेल्याने सांगू नये. तरीही सहेरीला उठणे, पाच वेळची नमाज, मगरिबला खजूर किंवा नुसते पाणी, याने दिवसाला पुन्हा खुंट्या मिळतात. मन ताळ्यावर ठेवायला मोठे विचार लागतात असे नाही. ठरल्या वेळी उठण्याचे कारण लागते. शेजारच्या खोलीतल्या वारकऱ्यालाही हरिपाठाने तेच दिले असेल.

सब्र म्हणजे डोळे कोरडे ठेवणे, हा दुसरा गैरसमज. कुरआनात हजरत याकूब (अलै.) यांची कथा आहे. लाडका यूसुफ हरवला. बाप इतका रडला की दृष्टी गेली. तरी त्यांना कुणी सब्र नसलेले म्हटले नाही. आपले दुःख ते अल्लाहपुढे मांडत राहिले आणि त्याच वेळी मुलांना सांगत राहिले की जा, शोधा, निराश होऊ नका. रडणे आणि शोधणे एकाच माणसात, एकाच काळात. संपात कोणी कोकणात, घाटावर परतले, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. ही हार नव्हती. जे दारूत बुडाले त्यांना नावे ठेवण्याचा अधिकारही आज कुणाला नाही. त्यांच्या हाताला धरायला कोणी नव्हते, एवढे खरे.

कारण सब्र एकट्याच्या छातीवर पेलत नाही. जकात कोणाला द्यावी याचे आठ वर्ग सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. त्यांत गरीब आहेत, तसाच कर्जात बुडालेला माणूसही आहे, स्वतंत्रपणे नमूद केलेला. काल कमावता होता, आज देणेकरी दारात उभे आहेत, असा माणूस हात पसरायला सर्वांत जास्त लाजतो. त्याचा हक्क धर्मानेच लिहून ठेवला, म्हणजे त्याला मागावे लागू नये.

इंडिया युनायटेडच्या काळाचौकीतल्या गिरणीच्या जागेत आता वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. आजूबाजूला टॉवर आहेत. नोकऱ्या अजूनही जातात, फक्त भोंगा वाजत नाही, म्हणून शेजाऱ्याला कळत नाही. हप्ते थकतात, दार बंद राहते. फित्रा ईदच्या नमाजआधी पोहोचवायचा असतो. तो घेऊन निघालेल्याने त्या बंद दाराशीही थांबावे, आणि 'सबर करा' म्हणण्याआधी घरभाडे किती थकले आहे ते विचारावे.