संगणक घ्या, पण बैलासारखा पारखून



मृग तोंडावर आला की दोन खर्च एकदमच उंबऱ्याशी येतात. एक बी-खताचा, दुसरा मुलांच्या शाळेचा. या दुसऱ्या खर्चात आता वह्या-दप्तराबरोबर संगणकाचेही नाव निघू लागले आहे. शिवारफेरीत पिकाची चौकशी झाली की, "साहेब, पोरीला संगणक कोणता घ्यावा?" हा प्रश्न येतोच. तेव्हा आज पीकपाणी बाजूला ठेवून याच विषयावर बोलू.

पहिला प्रश्न दुकानदाराला नव्हे, घरात विचारावा. संगणक हवा कशासाठी? मूल सातवी-आठवीपर्यंत असेल तर बहुतेक काम घरच्या मोबाईलवर भागते. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. पुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमधले धडे पाहता येतात. एवढ्यासाठी कोणी कर्ज काढू नये. मात्र मुलाने अकरावीला माहिती तंत्रज्ञान विषय घेतला असेल, डिप्लोमाला प्रवेश घेतला असेल, प्रकल्पाचे लांब लेखन आणि तक्ते करायचे असतील, तर बोटभर पडद्यावर ते होत नाही. तिथे कळफलक हवा आणि मोठा पडदाही हवा.

आता किमतीविषयी. सर्वांत कमी किमतीचे यंत्र म्हणजे स्वस्त यंत्र, असे समजू नका. याचे चांगले उदाहरण आपल्याच देशातले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाची संगणक-पाटी दिल्लीत जाहीर झाली. सरकारला ती सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होती. पण तिची गती ३६६ मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी, आणि पडदा असा की बोट दाबून धरावे लागे. पुढे या कामाची धुरा मुंबईच्या उपनगरातल्या पवई येथील आय.आय.टी.कडे आली. प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली तिथे तिच्यावर काम झाले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' आली. किंमत जवळपास तीच, पण गती १ गिगाहर्ट्झ, रॅम दुप्पट आणि पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा. पुढे ती योजना मागे पडली. तिच्यापासून आपण घ्यायचा बोध मात्र अजून ताजा आहे. भाव विचारण्याआधी यंत्र किती काम ओढेल ते विचारावे.

हे ओळखायचे कसे? तीन शब्द लक्षात ठेवा. प्रोसेसर म्हणजे बैलाची ताकद. रॅम म्हणजे खळे. खळे मोठे असेल तर एका वेळी जास्त काम पसरता येते. साठवण म्हणजे कणगी. आजच्या शाळा-कॉलेजच्या कामाला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी साठवण पुरते. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी पुष्कळ चपळ असते, आणि हिसक्या-धक्क्यालाही तितकी भीत नाही.

एवढे गुण अगदी स्वस्त नव्या यंत्रात क्वचितच मिळतात. वापरलेल्या चांगल्या यंत्रात मिळू शकतात. गावातले कोणी ना कोणी अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला नोकरीला असतेच. अंधेरीच्या सीप्झसारख्या भागांतल्या कचेऱ्या काही वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. असा माल दुरुस्त होऊन दुकानांत विक्रीला येतो. काका-मामांना सांगून तो पाहता येईल. पण "तिकडूनच घेऊन पाठवा" असे सांगू नका. जिच्यासाठी घ्यायचा ती मुलगी सुट्टीत सोबत असावी. बाजारात बैल आपण न पाहता घेतो का?

दुकानात तासभर तरी बसावे आणि पुढील गोष्टी तपासाव्यात:

१. यंत्राच्या माहितीचे पान उघडून दाखवायला सांगा. इंटेल कंपनीचा आय-फाईव्ह प्रोसेसर असेल तर त्यापुढे ८२५० सारखा आकडा दिसेल. पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. १०२१० असेल तर दहावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचे यंत्र लागते. त्याहून जुने यंत्र विंडोजसाठी घेऊ नये.

२. लिहिण्याचे पान उघडून प्रत्येक कळ दाबून पाहा. कॅमेरा, आवाज, माईक आणि वायफाय चालवून पाहा. झाकण दहा वेळा उघडून मिटा. बिजागरी सैल नको.

३. चार्जर काढून अर्धा तास चलत्चित्र चालू ठेवा. बॅटरी किती उतरली ते पाहा. निम्मी उतरली तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा.

४. यंत्र पूर्ण बंद करून दोनदा सुरू करा. जुन्या कचेरीचा पासवर्ड किंवा कुलूप निघाले तर तिथेच परत करा.

५. पक्के बिल घ्या. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्या. बिल नसेल तर माल कोणाचा, हेच कळत नाही.

गावी वीज जाते-येते, म्हणून टेबलावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉप सोयीचा. वीज गेली तरी काम अर्धवट राहत नाही. ६५ वॅटचा चार्जर चार तास पूर्ण जोराने चालला, तरी वीज पाव युनिटच्या आसपासच लागते.

घरात आधीच एखादे जुने यंत्र असेल तर ते भंगारात घालू नका. त्यावर उबुंटूसारखी मोफत प्रणाली बसवता येते. तिच्यात मराठी लिहिता येते, आणि लेखन-तक्त्यांसाठी लिब्रे ऑफिस फुकट मिळते. हे शिकवणारे छोटे पाठ पवईच्या त्याच आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात तयार केले आहेत आणि त्यांतले बरेच मराठीत आहेत. मुलांना मराठी युनिकोडमध्ये टंकायची सवय सुरुवातीपासून लावा. युनिकोडचा मजकूर कोणत्याही यंत्रावर तसाच वाचता येतो.

शेवटी दोन गोष्टी सांगतो. बियाण्याच्या पैशाला हात लावू नका. पेरणीची वेळ चुकली तर वर्ष जाते, संगणक मात्र दिवाळीनंतरही मिळतो. हप्त्याने घ्यायचा झाल्यास सगळे हप्ते आणि वरचे शुल्क मिळवून बेरीज करा, मगच सही करा.

आणि दुसरी गोष्ट घरातली. यंत्र एकच असेल तर त्याचे वेळापत्रक भिंतीवर लावा. मुलगा आधी बसतो आणि मुलीला स्वयंपाक, भांडी, धारा उरकून रात्री दहाला जागा मिळते, असे पुष्कळ घरांत घडते. तिच्या अभ्यासालाही दिवसाउजेडीची वेळ हवी. पैसे दोघांसाठी मोजले आहेत, तर यंत्रही दोघांचे असावे.

पुढच्या अंकी सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासावी, ते पाहू.