दुरुस्त होणारी मोटार

गेल्या संक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्यांतून आमच्या पुतण्यानें दुरून चालवावयाची एक बिनतारी मोटार आणिली. तिसऱ्या दिवशीं ती जिन्यावरून कोसळून तिचा आंस मोडला, आणि सुटा भाग कोठेंच मिळेना. वहिनींनीं बजाविलें, "भावजी, आतां दुसरी मोटार घरांत आणूं नका." ती. अण्णांचें मत निराळें पडलें. त्यांचीं उमेदीचीं वर्षें गिरणीच्या यंत्रशाळेंत गेलेलीं. ते म्हणाले, "आणावयाची तर दुरुस्त होणारी आणा."

ज्या वाचकांच्या घरीं हाच वाद चालू असेल, त्यांनीं अण्णांचा पक्ष घ्यावा. खेळण्याच्या मोटारींत विजेचे सर्व भाग बहुधा एकाच पट्टीवर डकविलेले असतात. एक बिघडला कीं सारेंच फुकट. छंदाच्या गाडींत मोटर, वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर, चाकें वळविणारा सर्व्हो आणि रिसीव्हर हे बहुधा निरनिराळे असून स्क्रू काढून बदलतां येतात. जपानच्या तामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्शे ९३४ गाडी सुट्या भागांच्या पेटींतच विकावयास काढली. जोडणें हाच खेळाचा पहिला भाग. नवशिक्यानें मात्र तयार गाडी घ्यावी: १:१० प्रमाणाची, विजेवर चालणारी, ब्रशांच्या मोटरची. चाकें मोठीं व पोट जमिनीपासून उंच असावें. रस्त्यावरची चपटी गाडी सोलापुरांत कुचकामाची. पावसाळ्यांत काळ्या मातीचे चाकांवर लाडू वळतात. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट असला म्हणजे चुलतभावंडांच्या गाड्या एकाच अंगणांत बिनबोभाट चालतात.

घेण्याअगोदर सुटे भाग मिळतात कीं नाहीं, हें विचारावें. आम्ही तें जानेवारींत विचारलें नव्हतें.

आतां खरी काळजीची गोष्ट, ती बॅटरीची. नव्या गाडीबरोबर मीं हौसेनें लिथियम पॉलिमरची बॅटरी घेतली, आणि ऐन वैशाखांत ती पूर्ण भरून पत्र्याच्या खोलींत विसरलों. आठवड्यानें पाहतों तों उशीसारखी फुगलेली. नशीब कीं पेटली नाहीं. त्याच खोलींत वर्षाचें धान्य होतें. वहिनी त्या दिवशीं माझ्याशीं बोलल्या नाहींत, आणि तें योग्यच होतें. या बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. तो ३ व्होल्टच्या खालीं उतरूं देऊं नये, आणि कांहीं दिवस गाडी चालवावयाची नसेल तर ३.८ च्या सुमारास ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हां भरूं नये, केरांतही टाकूं नये. नवख्यानें सहा घटांची, ७.२ व्होल्टची निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरीच घ्यावी. ती जरा सोशीक. कोणतीही असो, जागेपणीं, उघड्या फरशीवर, योग्य चार्जरनेंच भरावी. गादीवर किंवा चादरीवर मुळींच नको.

गाडी सुरू करतांना आधीं रिमोट, मग गाडी. बंद करतांना याच्या उलट. नाहीं तर ती आपल्या मनानें धांवूं शकते. ताशीं ३० किलोमीटरनें येणारी दीड-दोन किलोची वस्तु रांगत्या मुलाच्या किंवा आजींच्या पायावर आदळली तर खेळ तेथेंच संपला. म्हणून आमच्या घरीं ती फाटकाबाहेरच सुरू होते.

परवां पुतण्यानें मागचा आंस स्वतः बदलला. एक स्क्रू उरला. अण्णांनीं कांहीं न बोलतां गाडी पुन्हां उघडावयास लाविली.