टोपलीतले तीन रंग

कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मासाची सांगता होते आणि रामदासपेठेतील जैन घरांच्या स्वयंपाकघरांत पुन्हा एकदा भाजीची टोपली भरू लागते. नागपुरात थंडीची चाहूल लागलेली असते. गोकुळपेठेच्या बाजारात ढोबळ्या मिरच्यांचे ढीग दिसू लागतात आणि हिरव्यांच्या शेजारी, थोड्या मानाने मांडलेल्या, लाल व पिवळ्याही असतात. नागपूरकर हिला सिमला मिरची म्हणतात. पुण्याकडे ती ढोबळी किंवा भोपळी होते. नाव काहीही असो, तिचे मूळ ना सिमल्याचे, ना महाराष्ट्राचे. मिरचीचे सारे कूळ अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते भारतात उतरले. त्याच कुळातली भिवापूरची मिरची तिखटपणासाठी प्रसिद्ध, तर ही तिची धाकटी बहीण अगदीच सौम्य. तिखटपणा आणणारे द्रव्य हिच्यात जवळजवळ नसतेच.

ज्या घरात गाजर, बीट, बटाटा, कांदा यांचा त्याग असतो, त्या घरच्या ताटात लाल आणि पिवळा रंग आणायचा कोठून, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु शाळेच्या डब्यापाशी तो किरकोळ राहत नाही. शेजारच्या मुलाचा डबा रंगीत आणि आपला रोज हिरवा-पिवळट, एवढ्यावरूनही मुलाला आपल्या घरची रीत म्हणजे उणेपणा वाटू लागतो. डबा अर्धा परत येतो. सून मनात खट्टू होते, सासूबाई नियमाला जपतात आणि दोघींच्या मधे तो अर्धा डबा उभा राहतो. रंगीत ढोबळी मिरची या घराच्या खरी कामी येते ती येथे. ती जमिनीवर, झाडाला लागणारी, कंद नव्हे. आणि रंगात गाजराला हार न जाणारी.

पुष्कळांची समजूत अशी की या तीन निरनिराळ्या भाज्या आहेत. वस्तुतः हिरवी मिरची म्हणजे न पिकलेले फळ. तेच झाडावर आणखी दोन-तीन आठवडे राहिले की वाणाप्रमाणे लाल किंवा पिवळे होते आणि त्यात गोडी उतरते. हे जास्तीचे दिवस फळ बहुधा हरितगृहात, निगराणीत काढते. म्हणून त्याचा भाव हिरवीपेक्षा चढा. पिकताना त्यातील क जीवनसत्त्वही वाढते. हंगेरीतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे काढले ते सेगेड गावाच्या परिसरात पिकणाऱ्या लाल मिरच्यांतूनच. 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि रोजच्या खर्चाचा मेळ घालायचा तर सर्व लाल-पिवळ्या घेण्याचे कारण नाही. तीन हिरव्यांस एक लाल आणि एक पिवळी, एवढ्यात भाजीचे रूप पालटते.

चिरण्याची पद्धत मात्र ठरलेली असावी. अख्खी मिरची देठ कोरून भरण्याची रीत जैन घरात टाळावी, कारण फळ पोखरणारी अळी बहुधा देठाजवळून आत शिरते आणि बाहेर एखादे बारीक छिद्रच दिसते. मिरची प्रथम नीट धुवावी, मग उभी चिरून दोन फाका कराव्यात, उजेडात धरून आतून पाहावी आणि नंतरच बिया काढाव्यात. हे काम चष्मा लावून, घाई न करता करावे.

पहिला प्रकार नेहमीचा, पीठ पेरलेला. पाव किलो मिरचीचे चौकोनी तुकडे करावेत. चार मोठे चमचे बेसन कोरडेच खमंग भाजून ठेवावे. तीन चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग व हळद यांची फोडणी करून तुकडे परतावेत, मीठ घालून पाच मिनिटे झाकण ठेवावे. मग बेसन, तिखट व चिमूटभर साखर पेरावी, पाण्याचा हबका मारून मंद आचेवर आणखी पाच मिनिटे वाफ आणावी. या भाजीबरोबर कच्चे दही वाढू नये. डाळीच्या पिठाशी त्याचा संयोग अनेक घरांत द्विदल म्हणून वर्ज्य आहे. सोबत टोमॅटोचे सार उत्तम.

दुसरा प्रकार भरलेल्या फाकांचा. बटाट्याऐवजी दोन कच्ची केळी उकडून कुस्करावीत. त्यात ओले खोबरे, धने-जिरे पूड, आमचूर, तिखट व मीठ मिसळावे. तपासलेल्या फाकांत हे सारण दाबून भरावे आणि तव्यावर थोड्या तेलात, झाकण ठेवून, आठ-दहा मिनिटे होऊ द्यावे. ताटात लाल, पिवळ्या, हिरव्या होड्या मांडल्या की मुलांना बोलवावे लागत नाही.

तिसरा प्रकार डब्याचा भात. रात्रीचा उरलेला भात येथे चालत नाही, म्हणून सकाळीच वाटीभर तांदळाचा भात मोकळा शिजवून परातीत पसरावा. तिन्ही रंगांचे लांबट काप व मक्याचे दाणे मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटेच परतावेत, मग भात, मिरपूड, मीठ आणि शेवटी लिंबू. अधिक शिजवल्यास रंगही जातो आणि क जीवनसत्त्वही.

या भाजीचा आणखी एक गुण नोकरी करणाऱ्या गृहिणींना विशेष ठाऊक असतो. डिसेंबरात नागपूरचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्याआधी ताट वाढायचे तर तासभर शिजणारी भाजी परवडत नाही. ही पंधरा मिनिटांत होते.

अशा घरांत एक प्रश्न कधी ना कधी येतोच. चतुर्दशीच्या दिवशी ओट्यावरची लाल मिरची पाहून नातू विचारतो, "आजी, आज हिरवी भाजी नाही ना? मग ही तर लाल आहे!" सुनेला हसू येते, आजी हातातले काम थांबवते. "बाळा, हिरवी म्हणजे रंग नव्हे रे. झाडावरून आलेली ताजी, ओली भाजी, ती हिरवी. रंग बघून सूट घेतली तर मग नेम कशाचा?" त्या दिवशी पापडाची भाजी होते आणि लाल मिरची टोपलीतच राहते.

दुसऱ्या दिवशी तीच मिरची डब्यातल्या भातात जाते. एक दिवस थांबलेल्या मुलाला तिची चव निराळी लागते आणि डबा रिकामा परत येतो. सून तो घासायला घेते, तेव्हा सासूबाई एवढेच म्हणतात, "उद्या पिवळी जरा जास्त घाल गं."